सॅन स्टॉर्मच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल: गिअर, वजन आणि आरसीचा हिशेब

सांबरा रोड (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची गाडी बेळगावात फार जणांनी पाहिली नसेल. तिचे मूळ इंजिन रेनोचे १,१४९ सीसीचे, साधारण ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. गाडी तापून हेड वाकले आणि ब्लॉकलाही चीर गेली. युरोपात हे इंजिन रेनोच्या ट्विंगोमध्ये येत असे, पण ती गाडी आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे सुटे भाग शोधणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

कोल्हापूरला एक अपघातग्रस्त स्विफ्ट डिझेल मिळण्याजोगी आहे. तिचे १,२४८ सीसीचे, ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क देणारे इंजिन स्टॉर्ममध्ये बसवावे, असा विचार आहे. दोन्ही गाड्यांत इंजिन आडवे बसते आणि दोन्ही पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे निदान कागदावर तरी हे जमण्यासारखे दिसते. खर्चाचा अंदाज मी घेतलेला आहे. मला विचारायचे आहे ते असे की गाडी चालवायला खरोखर चांगली होईल का, आणि नंतर ती रस्त्यावर आणता येईल का. गाडीचा नंबर अजून गोव्याचाच आहे, तेही सांगून ठेवतो.

उद्यमबाग लेथ

इंजिन एकटे घेऊ नका, गिअरबॉक्ससकट घ्या. स्टॉर्मच्या गिअरबॉक्सला स्विफ्टचे इंजिन जोडायचे म्हणजे मध्ये अडॅप्टर प्लेट, वेगळी फ्लायव्हील, क्लच प्लेटच्या आट्यांचा (स्प्लाइनच्या उभ्या खाचांचा) मेळ, आणि एवढे करूनही शंभर न्यूटन मीटरच्या आतल्या इंजिनासाठी बनलेल्या बॉक्सवर दुप्पट टॉर्क पडणार. असा बॉक्स घाटात दात सोडतो.

संपूर्ण संच घेतला की खरे काम माउंटिंग आणि ड्राइव्हशाफ्टचे उरते. शाफ्टची आतली बाजू स्विफ्टच्या गिअरबॉक्सची आणि बाहेरची बाजू स्टॉर्मच्या हबची, असा तो मिश्र शाफ्ट होईल. दोन शाफ्ट कापून मधोमध वेल्डिंग मारून देणारे गल्लोगल्ली भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ईएन-२४ या मिश्र पोलादाचा अखंड गज घेऊन दोन्ही टोकांना आटे पाडून घ्यावेत आणि मग उष्णतासंस्कार करून घ्यावेत. ही कामे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकाच रस्त्यावर होतात. इंजिन किती उंचीवर बसवता त्यावर सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) कोन ठरतो, म्हणून माउंटिंग पक्के करण्याआधी शाफ्ट लावून, गाडी चाकांवर उभी करून कोन पाहा. जॅकवर चाके लोंबकळत असताना घेतलेले माप कामाचे नसते.

बॉनेटचेही पाहा. डिझेल उंच असते. इंजिन तात्पुरते टेकवून त्याच्या सर्वांत उंच जागांवर मळलेल्या कणकेचे गोळे ठेवा, बॉनेट हलकेच बंद करा आणि उघडून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. तेवढीच फट तुमच्याकडे आहे. डिझेल चालू-बंद होताना जोरात डुलते, त्यामुळे पंचवीस मिलिमीटरच्या खाली फट असेल तर बॉनेटला आतून मार बसणार. फायबरला तडा जायला वेळ लागत नाही.

निपाणीकर

पेट्रोल काढून डिझेल घालणे आपल्या भागाला नवीन नाही. तंबाखूच्या व्यापाऱ्यांकडच्या पेट्रोल जीपांना मॅटाडोरची डिझेल इंजिने बसवलेली मी लहानपणी पुष्कळ पाहिली आहेत. त्याआधीच्या पिढीत मोठ्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची इंजिने घालून त्या टॅक्सीला लावत. हौस म्हणून कोणी हे करत नसे, पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत तेव्हा मोठी तफावत होती म्हणून करत.

त्या जीपांची एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात असेल. ओढायला त्या बैलासारख्या होत्या, पण साठाच्या पुढे गेल्या की इंजिन किंचाळू लागे आणि आत बसलेल्यांचे बोलणे बंद होई. जीपचे डिफरन्शियल पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने ठेवलेले असे आणि नवे डिझेल तेवढे फिरतच नसे. काही जण मागाहून डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन बदलून घेत, पण बहुतेकांनी तशाच वापरल्या. स्टॉर्मसारख्या गाडीत तसे झाले तर तिच्यात बसण्याची हौसच संपेल.

कॅम्पातली इंजिनिअर

निपाणीकर काकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. या धाग्यातला अर्धा निर्णय गिअरच्या गुणोत्तरात आहे, म्हणून आकडे मांडते. गुणोत्तरे मी समजुतीसाठी धरली आहेत. प्रत्यक्ष बॉक्सवर मोजून घ्यावीत.

टायर १७५/६५ आर १४ धरला तर चाकाचा घेर सुमारे १.८३ मीटर येतो. पेट्रोल गाडीत पाचव्या गिअरचे एकूण गुणोत्तर, म्हणजे गिअर आणि अंतिम गुणोत्तर यांचा गुणाकार, ३.३ आहे असे समजू. ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरेल. पेट्रोल इंजिन साडेपाच हजारांपर्यंत आनंदाने जाते, त्याला हे चालते. स्विफ्टचे डिझेल मात्र आपली पूर्ण ७५ अश्वशक्ती ४,००० आरपीएमला देते आणि त्यानंतर त्याचा दम लवकर संपतो. याच गुणोत्तरावर ४,००० म्हणजे ताशी १३३ किलोमीटर. हमरस्त्यावर गाडी सतत गुरगुरत राहील. एकूण गुणोत्तर २.६ वर आणले तर १०० च्या वेगाला इंजिन २,३७० आरपीएमवर येते आणि ४,००० ला हिशेबाने १६९ किलोमीटरचा वेग निघतो. हवेच्या विरोधात तो गाठता येईल की नाही हा प्रश्न वेगळा.

आता टॉर्कबद्दल. "१९० म्हणजे दुप्पट टॉर्क, म्हणजे दुप्पट ओढ" असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. गुणोत्तर ३.३ वरून २.६ वर आणताना त्या टॉर्कचा एक हिस्सा आपण परत करत असतो. खरी तुलना एकाच वेगाला चाकापर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीची करायला हवी. डिझेल २,००० आरपीएमवर १९० न्यूटन मीटर देते, म्हणजे सुमारे ५४ अश्वशक्ती. २.६ च्या गुणोत्तरावर त्या वेळी गाडी ताशी साधारण ८५ किलोमीटरवर असेल. त्याच वेगाला पेट्रोल गाडीचे इंजिन २,५४० आरपीएमच्या आसपास असेल आणि तिथे ९० न्यूटन मीटर धरले तर पूर्ण ॲक्सिलरेटरला ३२-३३ अश्वशक्ती मिळेल. म्हणजे गिअर न बदलता पुढच्या ट्रकला ओलांडताना डिझेल स्पष्टपणे वरचढ आहे. पेट्रोलवाल्याने खालचा गिअर टाकून इंजिन वर नेले की फरक आटतो, कारण शेवटी ६० विरुद्ध ७५ एवढाच सामना उरतो.

म्हणून लेथवाल्या दादांशी मी पूर्ण सहमत आहे. स्विफ्टचा डिझेल गिअरबॉक्स घेतला की त्यातली गुणोत्तरे या इंजिनासाठीच ठरवलेली असतात आणि प्रश्न मुळातच मिटतो. फक्त टायरचा घेर दोन्ही गाड्यांत किती आहे ते ताडून पाहा.

चोर्ला नेहमीचा

आठवड्याला चोर्ला घाट उतरणारा माणूस म्हणून माझे मत वेगळे आहे. हे डिझेल १,८०० ते २,००० आरपीएमच्या खाली मरगळलेले असते, टर्बो भरला की एकदम उसळते. कणकुंबीच्या पुढे वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मंदावते, तेव्हा आधी काहीच मिळत नाही आणि सुकाणू सरळ होण्याच्या आत सगळेच मिळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत, ओल्या रस्त्यावर, तेही असमान लांबीच्या शाफ्टसह, स्टीअरिंग हातातून ओढले जाईल. पेट्रोलमध्ये ॲक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढेच मिळते आणि स्पोर्ट्स कारची गंमत मला तरी तिथेच वाटते.

दुसरे असे की उतारावर इंजिनाचा रोध डिझेलमध्ये कमी मिळतो. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते आणि इंजिन हवा ओढण्यासाठी झगडते. डिझेलमध्ये हवेचा मार्ग बहुधा उघडाच असतो आणि दाबलेली हवा आपली बरीचशी ताकद परत करते. नाकावर वाढलेले वजन आणि कमी झालेला रोध, दोन्ही ब्रेकवर येणार.

सांबरा रोड

ताईंचे गणित मी छापून गॅरेजमध्ये लावणार आहे. चोर्लावाल्यांचा मुद्दाही पटतो, पण माझी गाडी घाटापेक्षा हमरस्त्यावर जास्त असते. वजनाचे आणि ब्रेकचे कोणी सविस्तर सांगेल का? डिझेलवर ब्रेक बूस्टर चालत नाही असे एका गॅरेजवाल्याने सांगितले.

उद्यमबाग लेथ

अर्धे खरे आहे. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारी पोकळी इनटेक मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेलमध्ये ती तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. स्विफ्टच्या इंजिनात तो कॅमशाफ्टच्या टोकावर बसलेलाच येतो. त्याची नळी तुमच्या बूस्टरपर्यंत न्यायची आणि मधला एकमार्गी व्हॉल्व्ह विसरायचा नाही. पण बूस्टर चालला म्हणून ब्रेक पुरेसे झाले असे होत नाही. पुढच्या डिस्क मोठ्या करता आल्या तर करा.

वजनाचे म्हणाल तर अंदाज बांधत बसू नका. जुने इंजिन गिअरबॉक्ससह आणि नवे इंजिन गिअरबॉक्स, टर्बो, इंटरकूलर, मोठी बॅटरी यांच्यासह भुसार वखारीतल्या प्लॅटफॉर्म काट्यावर तोला. कारखान्याच्या ऊसकाट्यावर नेऊ नका, तो दहा-वीस किलोंच्या टप्प्याने दाखवतो आणि तुम्हाला हवा असलेला फरक त्यातच हरवतो. माझ्या मते नाकावर पन्नास किलोंच्या वर भर पडेल. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, आणि बॅटरी मागे डिकीत नेली तर थोडा तोल सावरेल.

शहापूर ऑटो इलेक्ट्रिक

यांत्रिक कामावर एवढी चर्चा झाली आणि वायरिंगचे कोणी नाव काढले नाही. या कामात लोक अडकतात ते इथेच. जुन्या मॅटाडोरला एक स्टार्टर आणि बंद करण्याची तार पुरत असे. कॉमन रेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या डिझेलचे तसे नाही. इंजिनाचा ईसीयू (संगणक), चावीतली चिप, चोरी रोखणारा इमोबिलायझर आणि मीटर एकमेकांना ओळखतात. नुसता ईसीयू उचलून आणला तर इंजिन फिरेल, सुरू होणार नाही. अपघाती गाडी घेतानाच चावी, कुलपाचा संच, मीटर, ॲक्सिलरेटर पेडल आणि वायरिंगचा पूर्ण हार्नेस कापाकापी न करता काढून घ्या. पेडल यासाठी की या इंजिनाला केबल नसते, पेडलमधला सेन्सर ईसीयूला सांगतो. स्टॉर्मचे मूळ टॅकोमीटर इग्निशनच्या स्पंदनांवर चालणारे असेल तर डिझेलमध्ये इग्निशनच नाही, त्यामुळे काटा शून्यावर बसेल.

इंधनाकडेही लक्ष द्या. डिझेलला परतीची नळी लागते, कारण पंप आणि इंजेक्टरमधून उरलेले गरम डिझेल टाकीत परत येते. पेट्रोलचा टाकीतला पंप काढून स्विफ्टचा बसवा. टाकी आतून जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर बदला. जस्त आणि डिझेल यांचे जमत नाही, सुटलेले कण इंजेक्टरपर्यंत जातात, आणि इंजेक्टरचा खर्च ऐकून माणूस गाडी विकायला काढतो. पाणी वेगळे करणारा फिल्टर हात पोहोचेल अशा जागी ठेवा.

जांबोटीची वाट

फायबरच्या बॉडीत टर्बो किती गरम होतो याचा विचार केला आहे का? पत्र्याला रंग जळण्यापलीकडे काही होत नाही, फायबरमधले रेझिन मात्र नरम पडते. टर्बो आणि बॉनेट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची उष्णतारोधक पट्टी आणि थोडी हवा खेळती हवी. शिवाय डिझेलचा ठोका फायबरमधून ढोलासारखा घुमतो. टप उघडे असेल तेव्हा एक वेळ चालेल, टप लावल्यावर नाही.

कॅम्पातली इंजिनिअर

"डिझेल म्हणजे स्पोर्ट्स कार नव्हेच" हा सूर दिसला म्हणून एक जुना दाखला देते. मर्सिडीजची सी-१११ ही प्रायोगिक स्पोर्ट्स कार मूळची वांकेल (गोल फिरणाऱ्या पिस्टनच्या) पेट्रोल इंजिनाची. तेलाचे भाव भडकल्यावर त्याच गाडीत कंपनीने आपले ३ लिटरचे, पाच सिलिंडरचे डिझेल टर्बो लावून बसवले आणि १९७६ साली इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार रस्त्यावर ताशी २५० किलोमीटरच्या वर सरासरी राखून अनेक विक्रम केले. पुढे ऑडीच्या आर-१० या डिझेल गाडीने २००६, २००७ आणि २००८ अशी ओळीने तीन वर्षे ले मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. यातून आपल्यासाठी घेण्यासारखी एकच गोष्ट आहे. त्या गाड्यांत इंजिन चालकाच्या मागे होते आणि लांब, अखंड धावण्यासाठी सगळी रचना केलेली होती. स्टॉर्ममध्ये तेच वजन पुढच्या आसाच्याही पुढे जाते. डिझेलची ताकद जिथे दिसते तिथे ती गाडी नेणार असाल तर प्रयोगाला अर्थ आहे.

निपाणीकर

ताई, पण इंधनाची बचत धराल की नाही? कर्नाटकाच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे टाकी भरून घ्यायला कोल्हापूरच्या गाड्या येत असत, ते उगाच नव्हे.

कॅम्पातली इंजिनिअर

काका, धरते, पण ती बचत या गाडीला लागू पडत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलमधली तुमच्या काळातली तफावत राहिली नाही. हौशी गाडी वर्षाला चालते तरी किती? या कामात जाणारा पैसा त्या बचतीतून निघायचा म्हटले तर गाडीच आधी निवृत्त होईल.

चिकोडीचा वकील

आता कागदपत्रांकडे या, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होणार आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत (नोंदणी प्रमाणपत्रात) नोंदलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. वेगळ्या इंधनासाठी सवलत आहे, पण ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशांच्या मान्यताप्राप्त संचांसाठी. अपघाती गाडीतून काढलेले डिझेल इंजिन हा असा संच ठरत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दंडापेक्षा मोठी अडचण विम्याची आहे. आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल, आणि एखाद्याला धडक बसली, तर विमा कंपनी हात वर करील आणि तिसऱ्या पक्षाची भरपाई तुमच्या घरादारावर येऊ शकेल. पीयूसीचेही तसेच आहे. पेट्रोलची तपासणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची, डिझेलची धुराच्या घनतेची. नोंदीत पेट्रोल असलेल्या गाडीची डिझेलची तपासणी केंद्र करून देणार नाही.

तुमच्या गाडीला आणखी एक पदर आहे. नंबर गोव्याचा आहे आणि गाडी कायमची बेळगावात राहणार आहे. बारा महिन्यांच्या पुढे ती कर्नाटकात राहिली की गोव्याच्या कार्यालयाचे ना हरकत पत्र घेऊन इथे केए-२२ वर नोंदणी आणि कर भरणे आले. गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर नूतनीकरणाची तपासणीही आली. दोन्ही वेळी इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहिला जातो.

खानापूर फाटा

वकीलसाहेब, व्यवहारात बॉनेट उघडून बघतो कोण? गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्हीकडच्या गाड्या इथे रोज फिरतात.

चिकोडीचा वकील

रोजच्या नाक्यावर कोणी बघत नसेल. अपघातानंतर मात्र विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिल्यांदा तेच बघतो, आणि तेव्हा तुम्ही मला फोन कराल.

उद्यमबाग लेथ

सगळे ऐकून एक वेगळी वाट सुचवतो. इंधन बदलूच नका. नाशिकला बनलेल्या लोगानमध्ये रेनोचेच १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन येत असे, तेही ७५ अश्वशक्तीचे. म्हणजे शक्ती डिझेलएवढीच, वजनाचा भार तेवढा नाही, टर्बोची उष्णता नाही, टाकी आणि बूस्टर जसेच्या तसे. लोगानचे भाग आजही मिळतात. घराणे एकच असल्यामुळे गिअरबॉक्सची तोंडे जुळण्याची आशा आहे. गॅस्केट किंवा बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सच्या इंजिनाला भिडणाऱ्या तोंडाची) छाप आणली तर एका बैठकीत सांगू शकेन.

चिकोडीचा वकील

त्यालाही पूर्वपरवानगी लागेल आणि ती मिळेलच असे मी म्हणणार नाही. पण पेट्रोलच्या जागी त्याच निर्मात्याचे पेट्रोल इंजिन म्हटल्यावर अर्जात मांडायला काही बाजू तरी उरते. अर्ज इंजिन बसवण्याच्या आधी करा. मंजुरी मिळून बदल झाला की चौदा दिवसांच्या आत नोंद करून घ्या. लोगानचे इंजिन ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीची पावती घ्या, नाहीतर चोरीचा माल म्हणून नवीच भानगड उभी राहील. आणि चीर गेलेला जुना ब्लॉक भंगारात घालू नका, क्रमांक त्याच्यावर आहे.

चोर्ला नेहमीचा

लोगानच्या पेट्रोलला माझे मत. घाटातही चालेल.

सांबरा रोड

कोल्हापूरच्या स्विफ्टवाल्याला आजच नको म्हणून कळवले. हमरस्त्यावरची ती ५४ विरुद्ध ३३ ची ओढ सोडताना थोडे जिवावर येते, हे कबूल करतो, पण विमा नसलेली गाडी मला घराबाहेर काढायची नाही. आधी जुना ब्लॉक जागेवर ठेवून गोव्याच्या ना हरकत पत्राचा अर्ज करतो. तोवर लोगानच्या इंजिनाची चौकशी चालू राहील. लेथवाले दादा, बेल हाउसिंगची छाप जाड पुठ्ठ्यावर घेऊन शनिवारी येऊ का?

उद्यमबाग लेथ

या. पुठ्ठ्यावर बोल्टची भोके ठोकून उमटवा, पेनाने काढू नका. डॉवेल पिनांच्या जागा वेगळ्या खुणेने दाखवा, आणि इनपुट शाफ्टच्या आट्यांची संख्या व बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजून सोबत लिहून आणा. क्लच केबलवर आहे की हायड्रॉलिकवर, तेही पाहून या.